अनावर खाणे आणि त्याचे प्रायश्चित्त

लग्नाच्या पंगतीत आग्रहाखातर चार जिलब्या अधिक खाल्ल्या, दिवाळीत फराळाच्या ताटापुढे हात आवरला नाही, किंवा दिवसभराच्या श्रमानंतर घरी आल्यावर नेहमीच्या दुप्पट भाकऱ्या पोटात गेल्या, तर त्याला कोणी विकार म्हणू नये. असे खाणे माणसाच्या उत्सवप्रियतेचा आणि कष्टांचा स्वाभाविक भाग आहे, आणि दोन दिवसांनी त्याची आठवणही उरत नाही. ज्या खाण्याविषयी येथे लिहावयाचे आहे ते याहून मुळातच निराळे आहे. घरातील मंडळी निजल्यावर स्वयंपाकघरात जावे, झाकून ठेवलेला उरलेला भात संपवावा, मग फरसाणाची पिशवी, मग डब्यातले लाडू, मग पोळीला तूपसाखर, मग मुलांसाठी आणलेली बिस्किटे असा क्रम सुरू व्हावा, त्यात जिभेला चव अशी कळू नये, भूक तर नसावीच, थांबावे असे मनाने वारंवार बजावूनही हाताने ते ऐकू नये, आणि पोट दुखू लागल्यावरच जे थांबते त्याचा शेवट तीव्र लज्जेत व्हावा, असे ज्याच्या बाबतीत आठवड्यामागून आठवडे घडत राहते, त्याला जडलेल्या विकारास वैद्यकशास्त्र ‘बिंज इटिंग डिसऑर्डर’ म्हणते. या लेखापुरते आपण त्याला आवेगी अतिभक्षण म्हणू.

या विकाराने गांजलेल्या वाचकास आणि त्याच्या आप्तेष्टांस प्रथमच निक्षून सांगितले पाहिजे की, ज्याला ते खादाडपणा किंवा मनाचा दुबळेपणा समजतात तो ओळखता येणारा आणि उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे; आणि त्याहून महत्त्वाचे हे की, अशा रात्रीनंतर रुग्ण स्वतःस जी शिक्षा फर्मावतो, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा कडक उपास, ताटातून भातपोळीची हकालपट्टी, महिनाभर गोड न खाण्याची शपथ, ती शिक्षाच पुढच्या अनावर रात्रीची तयारी करीत असते. प्रायश्चित्त म्हणून केलेले लंघन या रोगाला पोसते, आणि म्हणून उपचाराचा आरंभ ते लंघन थांबवण्यापासून होतो. ऐकावयास हे विपरीत वाटते. पण या एका गोष्टीचा उमज न पडल्यामुळे माणसे वर्षानुवर्षे स्वतःशी झगडत राहतात, आणि प्रत्येक पराभवानंतर पहिल्याहून कठोर नियम करून पहिल्याहून मोठ्या पराभवाला सामोरी जातात.

निदानाची रीत आधी पाहू. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली स्थूल रुग्णांच्या खाण्याच्या तऱ्हांचे वर्णन करताना या प्रकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. तथापि अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळावयास २०१३ साल उजाडावे लागले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली तिच्यात त्याची स्वतंत्र नोंद झाली. अमेरिकन ग्रंथाच्या कसोटीप्रमाणे, दोन तासांसारख्या मर्यादित अवधीत, तशाच परिस्थितीत बहुतेक माणसे खातील त्याहून निश्चितपणे अधिक अन्न खाल्ले जाणे आणि त्या वेळी खाण्यावरील ताबा सुटल्याची जाणीव असणे, ही दोन मुख्य लक्षणे होत. त्यांच्या जोडीला नेहमीपेक्षा भराभर खाणे, पोट तडस लागेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाजेमुळे एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःची किळस, खिन्नता किंवा अपराधीपणा वाटणे, यांपैकी किमान तीन गोष्टी असाव्या लागतात. आणि हे सारे सरासरीने आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने घडत असले पाहिजे. जागतिक संघटनेच्या वर्गीकरणाने अन्नाच्या प्रमाणाचा आग्रह सोडून ताबा सुटण्याच्या अनुभवाला अधिक वजन दिले आहे, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण किती खाल्ले याच्या मोजमापात गुंतलेला रुग्ण ‘माझे तर एवढे काही नाही’ अशी स्वतःची समजूत घालून मदत मागणे तहकूब करीत राहतो.

खाल्लेल्याचा परिणाम टाळण्यासाठी जो मुद्दाम ओकारी काढतो, रेचके घेतो किंवा व्यायामाचा अतिरेक करतो, त्याचा विकार बुलिमिया या नावाने वेगळा गणला जातो, आणि त्यात शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडून हृदयाला धोका पोचण्याचा संभव असल्याने डॉक्टरांकडे विनाविलंब जावयास हवे. तसेच भूक एकाएकी फार वाढली असेल तर अनियंत्रित मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेकी स्राव, स्टेरॉइडे किंवा मनोविकारांवरील काही औषधे यांचाही तो परिणाम असू शकतो. त्याची तपासणी करून घ्यावी. हा विकार स्थूल माणसांचा किंवा स्त्रियांचाच आहे हा समज मात्र सोडून द्यावा. अमेरिकेत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात केव्हा तरी हा विकार झालेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ३.५ आणि पुरुषांचे शेकडा २ आढळले होते. पुरुषाच्या बाबतीत ‘खाणारा गडी आहे’ असे कौतुक होते आणि त्या कौतुकाखाली त्याचे दुःख झाकले जाते; वजन बेताचे असलेल्या मुलीच्या बाबतीत कोणाला शंकाही येत नाही.

आता उपवासाचा आणि या विकाराचा संबंध. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमारीने खंगलेल्या युरोपातील जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेण्यासाठी, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ निरोगी, मनाने खंबीर असे तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले. १९४५ साली सुमारे सहा महिने त्यांचा आहार जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आला, आणि त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. शरीर रोडावले हे अपेक्षितच होते. विलक्षण गोष्ट घडली ती मनाची. ज्यांना अन्नाविषयी पूर्वी विशेष आसक्ती नव्हती त्या तरुणांच्या बोलण्यात, वाचनात आणि स्वप्नांत अन्न शिरले; कोणी पाकशास्त्राची पुस्तके जमवू लागला, कोणी ताट चाटून पुसू लागला, आणि काहींनी नियम मोडून बाहेर जाऊन अनावर खाल्ले व नंतर आत्मनिंदेने तळमळले. प्रयोग संपून अन्न मुक्तपणे मिळू लागल्यावर तर कित्येकांची तृप्तीची जाणीवच हरपल्यासारखी झाली: पोट फुगेपर्यंत खाऊनही भूक शमेना, आणि ही अवस्था सरावयास काहींना अनेक महिने लागले. या प्रयोगाचा इत्यंभूत वृत्तान्त १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला आहे. निवडक, निग्रही तरुणांचीही जर अर्धपोटी राहिल्याने ही गत झाली, तर संध्याकाळपर्यंत दोन काकड्यांवर राहिलेल्या माणसाने रात्री हात आवरला नाही याबद्दल त्याच्या चारित्र्यावर ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. शरीर उपासमारीचे कारण विचारीत बसत नाही. दुष्काळ असो, व्रत असो की आरशातील प्रतिबिंबाचा तिटकारा असो, अन्न कमी झाले की ते भूक वाढवणारी रसायने सोडते, तृप्तीची सूचना देणारी कमी करते आणि मनाचे सारे लक्ष अन्नाकडे वळवते.

आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण चेष्टेने वापरतात, पण तिच्यात शरीरधर्माचे निरीक्षणच नोंदलेले आहे. मराठी घरांत अन्नाचा आग्रह आणि अन्नाचा निषेध हे दोन्ही हुकूम एकाच तोंडून सुटतात: एक पोळी अधिक घेतलीच पाहिजे म्हणून ताटाशी ओढाताण करणारी मावशी हात धुताना भाचीला ‘किती सुटली आहेस’ असेही सुनावते. ज्या गृहिणीने सकाळी चहावर वेळ काढला, सर्वांचे डबे भरले, दुपारी उरलेसुरले ओट्यापाशी उभ्यानेच संपवले आणि आठवड्यातले दोन वार उपासाचे पाळले, तिला रात्री अकरा वाजता खा खा सुटली तर त्याचा उगम त्या रात्रीत नसून त्या दिवसात असतो. दिवसातून दोनदाच जेवण्याच्या किंवा सोळा तास काही न खाण्याच्या ज्या पद्धती हल्ली घरोघर चर्चिल्या जातात, त्या इतर कोणाला मानवत असतील, त्याविषयी येथे वाद घालावयाचा नाही; परंतु ज्याला आवेगी अतिभक्षणाचा त्रास आहे त्याने त्या वाटेला आपल्या मनाने जाऊ नये. धार्मिक उपवासाबाबतही, उपचार चालू असेपर्यंत तो स्थगित ठेवण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण आजारी माणसाला व्रतवैकल्यांतून सूट देण्याचा शिरस्ता आपल्याकडे जुनाच आहे.

अर्थात उपासमार हे एकमेव कारण नव्हे. उपास करणाऱ्या प्रत्येकाला हा विकार होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. एकाच कुटुंबात तो अधिक आढळतो. लहानपणी अंगलटीवरून झालेली हेटाळणी, मारझोड किंवा लैंगिक अत्याचार, दीर्घकाळची खिन्नता, चिंता, एकटेपणा, चित्ताची अस्थिरता, अपुरी झोप, रात्रपाळीने विसकटलेले जेवणाचे वेळापत्रक ही सारी त्याला वाट करून देतात. पुष्कळांच्या बाबतीत अन्न हे वेदना बधिर करण्याचे साधन झालेले असते: साहेबांशी खटका उडाला, सासरी अपमान झाला, परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही, की त्या भावनेला तोंड देण्याऐवजी तोंडात काही जाऊ लागते, आणि घटकाभर मन खरोखरच शांत होते. ती घटका संपली की मूळ दुःख जागच्या जागी असते आणि त्यात लाजेची भर पडलेली असते.

शरीरावरचे परिणाम बहुतेकांस ठाऊक असतात, म्हणून ते थोडक्यात सांगतो: वजनवाढ, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, रक्तदाब, रक्तातील मेद, यकृतात साठणारी चरबी, झोपेत श्वास अडणे. एका धोक्याकडे मात्र विशेष लक्ष वेधावयास हवे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा मधुमेही रात्री अनावर खातो आणि त्याची भरपाई म्हणून सकाळचे जेवण टाळून औषध मात्र घेतो, तेव्हा रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. अशा रुग्णाने आपल्या खाण्याची खरी हकिगत डॉक्टरांपासून मुळीच लपवू नये. मनाची हानी याहून दारुण असते. लपवाछपवीने माणूस घरातल्या घरात परका होतो, बाहेरून मागवलेल्या अन्नाचा खर्च दडवतो, समारंभ टाळू लागतो. खिन्नता या विकाराची नित्याची सोबतीण आहे, आणि जगणे नकोसे वाटण्यापर्यंत मजल गेली असेल तर इतर सारे बाजूस ठेवून त्याच दिवशी मदत घेतली पाहिजे.

उपचारांत आज सर्वांत भक्कम पुरावा आहे तो विचार आणि वर्तन यांच्या फेरबांधणीवर आधारलेल्या मानसोपचाराचा, ज्याला सीबीटी म्हणतात. ऑक्सफर्डचे मनोविकारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या विकारांसाठी त्याची जी पद्धती बसवली तिचा पाया साधा आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ साली जी शिफारस केली तीही याच धर्तीच्या उपचारांची: प्रथम मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वयंअभ्यास, त्याने गुण न आल्यास गटाने किंवा एकट्याने घेतलेले मानसोपचार. हे उपचार पुरे करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचे अनावर खाणे थांबते, आणि उरलेल्यांतही पुष्कळांचे कमी होते.

या उपचारांतील पहिली पायरी म्हणजे खाण्याची रोजनिशी. जे खाल्ले ते त्याच वेळी लिहावे: वेळ, ठिकाण, पदार्थ, सोबतीला कोण होते, ताबा सुटला असे वाटले काय, आणि त्याआधी मनात काय चालले होते. उष्मांकांची बेरीज करू नये. हा जमाखर्च नव्हे. दोनतीन आठवड्यांची पाने चाळली की, अनावर खाण्याचे प्रसंग वाटत होते तसे आभाळातून कोसळत नाहीत, रिकाम्या दुपारनंतर, एका विशिष्ट फोननंतर, महिन्याच्या ठरावीक दिवसांत येतात, हे रुग्णाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात त्याच्यापुढे येते.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हाच या उपचाराचा गाभा: वेळेवर खाणे. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, संध्याकाळचे खाणे, रात्रीचे जेवण, आणि गरजेप्रमाणे मध्ये एखादे फळ, मूठभर शेंगदाणे किंवा ताक, अशी आखणी करून दोन खाण्यांत सुमारे तीन ते चार तासांहून अधिक अंतर पडू देऊ नये. आणि या वेळा भुकेवर न सोडता घड्याळावर सोपवाव्यात, कारण या विकारात भुकेची आणि तृप्तीची सूचना काही काळ विश्वसनीय राहिलेली नसते. जेवण म्हणजे जेवणच असावे: पोळी, भाजी, वरणभात, कोशिंबीर; उभ्याने नव्हे, पानावर बसून. ज्या रात्री ताबा सुटला त्याच्या दुसऱ्या सकाळी पोहे किंवा उपमा, जे घरात असेल ते, नेहमीच्या वेळी, नेहमीइतकेच खावे. ही ताकीद पाळणे रुग्णास फार जड जाते, कारण रात्रीच्या खाण्यावर सकाळचे खाणे म्हणजे गुन्ह्यावर गुन्हा असे त्याला वाटते; पण साखळी तुटते ती याच ठिकाणी. काही आठवडे नेटाने हे केल्यावर कित्येकांचे अनावर प्रसंग, दुसरा कोणताही उपाय न करता, लक्षणीय कमी होतात.

खाण्याची ऊर्मी आली असता तिच्याशी शब्दाशब्दी करण्यात अर्थ नाही. ती चढते, शिगेला पोचते आणि पुष्कळदा अर्ध्यापाऊण तासात ओसरते, एवढे ध्यानात धरून तेवढा वेळ निभावण्याची तजवीज आधीच करून ठेवावी: अंघोळ, जिन्याखाली एक फेरी, मैत्रिणीला फोन, जे स्वयंपाकघरापासून दूर नेईल ते. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी पाहावे. रोज काट्यावर उभे राहणारा माणूस पाण्याच्या चढउतारालाच आपले भवितव्य समजू लागतो. जे पदार्थ आपण निषिद्ध ठरवले आहेत ते, काही काळ नियमित जेवण झाल्यावर, हळूहळू आणि मोजक्या प्रमाणात जेवणाच्या ताटात परत आणावेत, कारण ज्या पदार्थावर कायमची बंदी असते त्याच्या एका घासाने ‘आता मोडलेच आहे’ असे वाटून सारा बंदोबस्त ढासळतो. वजन उतरवणे हे या उपचाराचे पहिले ध्येय नाही. ते काही जणांचे थोडे उतरते, काहींचे तेथेच स्थिरावते. नात्यांतील ताणतणावांवर भर देणारा आणि तीव्र भावना सांभाळण्याचे कौशल्य शिकवणारा अशा अन्य मानसोपचारपद्धतीही आहेत, आणि ज्याचे खाणे भावनेशी घट्ट जखडलेले आहे त्याला त्यांचा उपयोग होतो.

औषधांविषयी संयमाने बोलले पाहिजे. लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन या औषधास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली मध्यम व तीव्र स्वरूपाच्या विकारासाठी मंजुरी दिली. परंतु ते उत्तेजक वर्गातील, व्यसन जडण्याचा संभव असलेले आणि हृदयविकार असणाऱ्यांस घातक ठरू शकणारे औषध आहे, आणि केवळ वजन उतरवण्यासाठी ते मुळीच नाही. खिन्नतेवरील काही औषधांनीही प्रसंग कमी होतात. कोणतेही औषध मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि शक्यतो मानसोपचाराच्या जोडीने घ्यावे. भूक मारण्याचा दावा करणारी चूर्णे, चहा आणि पेये यांवर पैसा खर्च करू नये. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने हा विकार आधी शल्यचिकित्सकाच्या कानावर घालणे अगत्याचे आहे.

कुटुंबीयांनी काय करावे? फडताळाला कुलूप लावू नये, ताटावर पहारा ठेवू नये, आणि डबा रिकामा दिसला तर चौघांत जाब विचारू नये. अशा जप्तीने लपवाछपवीच वाढते. वजनाविषयी, रुग्णाच्याच नव्हे तर शेजारणीच्याही, घरात बोलणे बंद करावे, कारण मुले ते ऐकत असतात. सर्वांनी एकत्र बसून वेळेवर जेवणे, आणि वाढणारीनेही त्याच पंगतीत बसणे, हा घराला करता येण्याजोगा उत्तम उपचार आहे. विचारावयाचे झाल्यास एकांतात, ‘हल्ली तुला त्रास होताना दिसतो, माझ्याशी बोलशील का?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर लगेच मिळाले नाही तरी रागावू नये.

मदत कोठे मिळेल? केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मुंबईतील केईएम, सायन व नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळी येथे शासकीय मानसोपचार संस्था आहे. तेथे जाण्यात ज्यांना लोकलज्जा आड येते त्यांनी हे जाणून असावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क ठरवला आहे.

बहुसंख्य रुग्ण मात्र मनोविकारतज्ज्ञाकडे प्रथम जात नाहीत. ते वजनासाठी, साखरेसाठी किंवा गुडघ्यांसाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातात, तेथे त्यांना काटेकोर आहाराचा तक्ता मिळतो, आणि तो घेऊन ते निमूटपणे घरी परततात. अशा वाचकास माझी विनंती आहे की, तो तक्ता हातात घेण्यापूर्वी डॉक्टरांस सांगावे: ‘आठवड्यातून इतक्या वेळा माझे खाणे माझ्या ताब्यात राहत नाही, आणि मी उपाशी राहिलो की ते वाढते, मला खाण्याच्या विकारांची माहिती असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा.’ हे तोंडाने बोलवत नसेल तर घरूनच कागदावर लिहून न्यावे, आणि केसपेपरसोबत तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.